मधलं धाकटीचं

सोमवार, १५ मार्च
सकाळ, हॉटेलचा जेवणहॉल

प्रिय बाबा,

नमस्कार. काल दुपारी महिला दुहेरीचं अजिंक्यपद आम्ही जिंकलं. १९-२१, २१-१६, २१-१९. मुख्य पंचांनी गुणपत्रकावर सही केली, आणि आज सकाळी सगळ्या विजेत्यांची यादी खाली स्वागतकक्षातल्या फळ्यावर लागली आहे. चहाचा कप हातात घेऊन मी स्वतः वाचून आले. माझं नाव आहे, माझ्या जोडीदाराचं, शिडीचं आहे, स्पेलिंगही बरोबर आहे. म्हणजे बातमी पक्की.

तसं तुम्हाला पाकीट बघूनच कळलं असेल. हरलात तर फोन करा, जिंकलात तर पत्र लिहा, हा नियम तुमचाच. हरलेल्या माणसाला आवाज लागतो, जिंकलेल्याला वेळ असतो, असं म्हणायचात. या वर्षात मी तुम्हाला नुसते फोनच केले. आणि मी “बाबा, आजचा सामना” एवढं म्हणेपर्यंत फोन आईच्या हातात गेलेला असायचा. पत्र असं दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. निदान पहिल्या पानापर्यंत तरी.

आईचा गुडघा कसा आहे? तिला सांगा, जिना उतरताना कठडा धरत जा, त्याने कुणी म्हातारं होत नाही. तिच्यासाठी गरम पाण्याची पिशवी घेतली आहे, जुनी गळते म्हणत होती ना. तुमच्यासाठी काय घ्यावं ते कळलं नाही. दुकानात उभी राहिले आणि तशीच बाहेर आले. डेपोत नवीन वेळापत्रक लागलं असेल, म्हणजे आठवडाभर तुमचा घसा बसलेला असणार. खिडकीतून ओरडून उत्तरं देत जाऊ नका. माइक कशाला दिलाय?

बाकीच्या विजेत्यांची बातमी अशी. पुरुष एकेरी त्या न हसणाऱ्या खेळाडूने जिंकली, ज्याला धाकटी ‘तहसीलदार’ म्हणायची. जिंकल्यावरही हसला नाही. पदक गळ्यात पडलं तेव्हा त्याने ते उलटसुलट करून पाहिलं, जसं काही कागदावर शिक्का बरोबर बसलाय की नाही ते बघतोय. महिला एकेरीत गेल्या वर्षीचीच मुलगी जिंकली, तिच्याबद्दल कुणालाच शंका नव्हती. मिश्र दुहेरीत मात्र मजा आली. ते दोघं नवरा-बायको आहेत. प्रत्येक गुणानंतर तिने त्याला हळू आवाजात काहीतरी ऐकवायचं, आणि त्याने नेटकडे बघत मान डोलवायची. सामना संपला, जिंकले, तरी तिचं सांगणं संपलं नव्हतं. भाषा आम्हाला येत नव्हती, पण विषय सगळ्यांना कळला. आमच्या बाकावरची सगळी लग्न झालेली माणसं खाली मान घालून हसत होती.

हॉल फार मोठा आहे. छत इतकं उंच की वर बघितलं तर मान दुखते. आपल्या डेपोतल्या टायरच्या गोदामात खेळून वाढलेल्या माणसाला अशा छताखाली उघडं पडल्यासारखं वाटतं. आठवतं ना, उंच मारलं की शटल तुळईला लागायचं आणि तुम्ही गुण कापायचात. “आभाळात मारायचं असेल तर पतंग घ्या” म्हणायचात. म्हणून आम्ही दोघी सपाट खेळायला शिकलो, नेटवरून घासून जाणारं, छातीच्या उंचीचं, जलद. पुढे त्याला लोक आमची शैली म्हणाले. शैली कसली. तुळई खाली होती.

धाकटी जाऊन वर्ष होऊन गेलं. हे वाक्य मी पहिल्यांदाच कागदावर लिहिते आहे, आणि ते लिहिण्याआधी मी चहा दोनदा घेऊन आले. असो.

अंतिम सामन्याबद्दल लिहिते. समोरची जोडी अनुभवी होती. त्यातली मोठी माझ्याहून वयाने बरीच मोठी, घरी मूल आहे तिला, मध्यंतरात त्याचा फोटो बघून पिशवीत ठेवते. पहिला गेम त्यांनी थोडक्यात घेतला. दुसऱ्यात शिडीने मागून असे काही स्मॅश मारले की त्यांना हात उचलायला वेळ मिळेना. तिसरा गेम शेवटपर्यंत बरोबरीने चालला. शेवटचा गुण आमच्याकडे आला. तो कसा आला ते वर्तमानपत्रात आलंच आहे, फोटोही आहे. डेपोत कुणीतरी दाखवला असेल. फोटोबद्दल पुढे लिहिते.

तुम्हाला दोन पास पाठवले होते. तिसऱ्या रांगेतल्या, घरच्यांसाठी राखलेल्या त्या दोन खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या होत्या. तक्रार करत नाही. तुम्ही येणार नाही हे मला माहीत होतं, आणि आई तुम्हाला सोडून एकटी येणार नाही हेही. तरी सर्व्हिस करायला वळले की नजर तिकडेच जायची.

इथपर्यंत बातम्या. टेबलं आवरायला माणसं आली आहेत, उठते.

दुपार, खोलीत

पुन्हा लिहायला बसले आहे. शिडी आमच्या फिजिओ बाईंकडे गेली आहे. कशासाठी ते पुढे येईलच.

बाबा, आता मी जे लिहिणार आहे त्यातलं अर्धं तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. तरी पहिल्यापासून लिहिते. मलाच ते एकदा ओळीने लावून बघायचं आहे.

धाकटी डावरी आणि मी उजवी. मी डाव्या बाजूला आणि ती उजव्या बाजूला उभी राहिली की दोघींचे मारते हात मधे यायचे. मधून आलेलं प्रत्येक शटल दोघींनाही आपलंच वाटायचं. गोदामात त्या दिवशी दोन्ही रॅकेटी एकाच शटलवर गेल्या, आणि तिची रॅकेट माझ्या भुवईवर बसली. दवाखान्यातून टाके घालून आल्यावर तुम्ही खडू घेतलात, मधोमध एक पट्टा आखलात आणि म्हणालात, मधलं धाकटीचं, विषय संपला. मी रडून गोंधळ घातला होता. खिडकीजवळची जागा तिची, वरचा पलंग तिचा, आता मधलंही तिचंच का, असं विचारलं होतं. तुम्ही म्हणालात की तू थोरली आहेस, थोरलीला सोडता यायला हवं. तीन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. धाकटी मात्र त्या पट्ट्यावर एका पायाने लंगडी घालत “माझं, माझं” म्हणत फिरत होती.

मग ते अंगात मुरलं. मधे काही आलं की माझा हात आपोआप अंगाशी यायचा, आणि उजवीकडून तिच्या फटक्याचा आवाज यायचा. बघावं लागायचं नाही. डोकं दुसरीकडे असलं तरी हात विसरायचे नाहीत.

ती गेल्यावर तुम्ही नेट काढून घडी घातली आणि कपाटावर ठेवली. गोदामाची किल्ली डेपोत परत दिलीत, चौथ्या दिवशी तिथे पुन्हा टायर रचले गेले. नंतर आमच्या सरांनी मला शिडीबरोबर खेळायला लावलं. शिडी हे नावही धाकटीनेच ठेवलेलं, ती आमच्याविरुद्ध खेळायची तेव्हा. “ती शिडी आली बघ, बल्ब बदलायला.” त्या रात्री जेवताना मी घरी सांगितलं की मला नवी जोडीदार दिली आहे. तुम्ही ताटावरून मान वर केली नाही. एवढंच म्हणालात, “जागा रिकामी होते. भरायची नसते.”

ते वाक्य मी वर्षभर वागवलं, बाबा. सरावाला निघताना रॅकेटची पिशवी आदल्या संध्याकाळीच खाली जिन्याच्या कोपऱ्यात नेऊन ठेवायची. सकाळी तुमच्यासमोरून रिकाम्या हाताने बाहेर पडायची, भाजी आणायला निघाल्यासारखी. तुम्ही पेपर वाचत असायचात. चोराने स्वतःच्याच घरात चोरी करावी तसं वाटायचं. शिडीबरोबर हसले तरी मागाहून वाईट वाटायचं. आणि तुम्हाला सांगते, हा सामना जिंकला तरी हरला तरी शेवटचा, असं मी मनाशी ठरवून आले होते. सरांनाही सांगितलं नव्हतं.

आता काल सामना झाल्यावर काय झालं ते.

पदकं झाली आणि आम्हा चौघींना पत्रकारांसमोर बसवलं. नेहमीचे प्रश्न, नेहमीची उत्तरं. मग एका पत्रकाराने समोरच्या जोडीतल्या मोठीला विचारलं, शेवटी शेवटी तुम्ही सारखं मधेच का मारत होतात? ती तिच्या भाषेत बोलली, दुभाष्याने सांगितलं. आमच्या प्रशिक्षकांनी यांचे वर्षभराचे सामने बघून काढलं होतं, की डावीकडे उभी असताना ही मुलगी मधलं शटल घेत नाही. कधीच घेत नाही. आम्हाला वाटलं, इथे भोक आहे. पण प्रत्येक वेळी दुसरी तिथे हजर. तेव्हा वाटलं, या दोघींचं काहीतरी ठरलेलं असावं. एवढं बोलून ती माझ्याकडे बघून चांगलं हसली.

मी म्हटलं, असं काही नाही. मला खरंच असं काही नाही, असंच वाटत होतं. शिडी माझ्यासारखीच उजवी. मी डाव्या बाजूला असले तर मधलं माझं, कारण माझा मारता हात मधे आणि तिचा उलटा. हे पहिल्या वर्षाच्या मुलींनाही ठाऊक असतं. आणि सुरुवातीचे दोन-तीन सामने सोडले तर मी ते घेतही होते. म्हणजे, घेते आहे असं समजत होते. सुरुवातीला मधे शटल पडायची, नंतर पडायची बंद झाली. मी समजले की माझी सवय गेली. मनात म्हणायचेसुद्धा, बघ, हेही गेलं.

शिडी माझ्या शेजारी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होती, लावत होती.

संध्याकाळी आमच्या संघाचा चित्रणवाला आहे त्याच्या खोलीत गेले. त्याला म्हटलं, मी डावीकडे असतानाचे मधले फटके तेवढे लाव. त्याने अंतिम सामन्यातले लावले. मग उपांत्य फेरीतले. मग गेल्या महिन्यातले. बाबा, एकही मी घेतलेलं नाही. प्रत्येक वेळी माझा हात अंगाशी येतो आणि मी जागची हलत नाही. प्रत्येक वेळी उजवीकडून शिडी येते, उलट्या हाताने, मनगट मोडून, आणि शटल परत पाठवते. मी तिच्याकडे बघतही नाही. पुढच्या फटक्याच्या तयारीत असते, जणू हे सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय. चित्रणवाल्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि न विचारता लॅपटॉप मिटला.

खोलीवर आले तेव्हा शिडी पलंगावर बसून रॅकेटच्या मुठीची पट्टी उलगडत होती. मी दारातच विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे?

तिने विचारलं नाही काय म्हणून. म्हणाली, “पहिल्या सामन्यापासून. बस ना.”

मी बसले नाही. मग मी उभी असतानाच तिने सगळं ऐकवलं.

पहिली स्पर्धा आपण हरलो, ती म्हणाली, तेव्हा मधे पडलेली शटल मोजून मी तुला चार शब्द सुनवणार होते. तू ड्रेसिंग रूममध्ये पिशवीत तोंड घालून बसली होतीस. मग नाही बोलले. कुणाला विचारावं ते कळेना. सरांना सांगितलं तर सर तुला झापणार. म्हणून डेपोत गेले, काकांकडे.

बाबा, ती तुमच्याकडे आली होती हे मला काल कळलं.

ती सांगत होती आणि मला तुमची ती काचेची खोली दिसत होती. तुम्ही माइकवर गाड्यांचे नंबर पुकारत होतात. ती खिडकीशी उभी राहिली तर तुम्ही म्हणालात, चौकशी पलीकडच्या खिडकीत. ती म्हणाली, मी थोरलीची जोडीदार. तुम्ही गाड्या पुकारत राहिलात. ती तिथेच बाकावर बसली. बऱ्याच गाड्या गेल्यावर तुम्ही खिडकीतून डोकं बाहेर काढून एकच विचारलंत, “कुठं पडतं?” ती म्हणाली, “मधे.” तुम्ही खिडकी लावून घेतलीत आणि गोदामाची किल्ली मागायला गेलात.

दर रविवारी दुपारी, ती म्हणाली. जवळजवळ वर्षभर. आई देवळात गेलेली, मी एकटी व्यायामशाळेत, आणि तुम्ही आम्हा दोघींना सांगून जायचात की डेपोत जादा गाड्यांचं काम आहे. आम्ही दोघी मिळून तुमच्या साहेबांना शिव्या द्यायचो, की म्हाताऱ्या माणसाला रविवारचंही सोडत नाहीत.

सगळे टायर हलवणं तुम्हा दोघांना शक्य नव्हतं, म्हणून मधला भाग आणि उजवीकडचा तेवढा मोकळा केलात. डावीकडे, माझ्या जागेवर, टायर तसेच राहू दिलेत. उलट आणखी दोन वर चढवून बरोबर माझ्या खांद्याएवढे केलेत. शिडीने विचारलं, हे कशाला? तुम्ही म्हणालात, ही थोरली. ती हलणार नाही, म्हणून टायरच बरे.

हे सांगताना शिडी हसली. म्हणाली, मी त्या टायरांशी बोलायचे सुद्धा. “थोरले, सरक की जरा,” म्हणायचे. काकांना हसू यायचं, पण ते लगेच शटल उचलायला वाकायचे. मलाही हसू आलं. मग आम्ही दोघी एकदमच थांबलो.

मला आधी राग आला, बाबा. तेही लिहायला हवं. मी जिन्यात पिशवी लपवत होते, आणि तुम्ही तिकडे धाकटीच्या जागेवर दुसरीला उभी करून शिकवत होतात. जी जागा भरायची नसते म्हणालात, तिथेच. मी शिडीला म्हटलं, सांगायला काय झालं होतं? तुला, त्यांना, कुणालाही? एका शब्दात सांगितलं असतं की बाई गं, मधलं आता तुझं आहे, घे, तर आठ दिवसांत शिकले असते. एवढी का मी ठोंब्या आहे?

शिडी म्हणाली, मी हेच म्हटलं होतं काकांना, पहिल्याच रविवारी. मी उलट्या हाताने कशाला जीव काढू, तिलाच सांगा की घ्यायला.

“मग?”

“काका शटलची पिसं सारखी करत बसले. मग म्हणाले, तिला सांगायचं नाही. ती ते कुणासाठी तरी सोडते. सोडू दे. पडू मात्र द्यायचं नाही.”

मी तेव्हा बसले.

आता फोटोबद्दल लिहिते, म्हणजे मग काही राहिलं नाही.

शेवटची रॅली लांबली होती. चौघी नेटजवळ, सपाट, जलद, आपल्या गोदामासारखं. मी डावीकडे होते. शटल मधे आलं. माझा हात अंगाशी आला. आणि बाबा, त्या क्षणी मला अजिबात भीती वाटली नाही. वीस-एकोणीस, सगळा हॉल श्वास रोखून बसलेला, आणि मी निवांत. आता तिचा फटका येणार, एवढंच मला माहीत होतं. आला. शटल पलीकडे जमिनीवर पडलं. मी ओरडून उजवीकडे वळले आणि टाळी द्यायला हात पुढे केला.

हात खाली गेला. धाकटीच्या उंचीला. तिथे कुणी नव्हतं. शिडीचा हात वर, माझ्या डोक्याच्याही वर होता.

तो फोटो त्या क्षणाचा आहे. माझा हात शिडीच्या बरगड्यांपाशी आहे आणि मी खाली बघते आहे. पेपरवाल्यांनी खाली छापलंय की विजयाच्या आनंदाने भारावलेली. त्यांची चूक नाही, त्यांना आम्ही दोघीच दिसत होतो. तुम्हाला मात्र तो फोटो बघताक्षणी कळला असेल. म्हणूनच सकाळपासून टाळत होते.

शिडीने काय केलं सांगू? तिने आपला वरचा हात खाली आणला आणि तिथे, बरगड्यांपाशीच, मला टाळी दिली. फोटो त्याच्या आधी संपतो.

आता ती फिजिओ बाईंकडे का गेली आहे ते. तिचं मनगट सुजलं आहे. वर्षभर रोज उलट्या हाताने जलद शटल अडवून अडवून. तिने कुणाला पत्ता लागू दिला नव्हता, वर पट्टी गुंडाळून घाम पुसायची आहे असं सांगायची. सकाळी न्याहारीला तिला लोणी लावायची सुरी धरता येईना तेव्हा मी बघितलं. लगेच बाईंना दाखवलं, त्या म्हणाल्या की असंच चालू राहिलं तर हे मनगट एक दिवस ऐकायचं बंद होईल, आणि मग कुठल्याच हाताने खेळायला नको. शिडी म्हणते, होईल बरं, मी घेत जाईन, सवय झाली आहे. तुम्ही तिला अगदी आपल्यासारखी करून ठेवली आहे.

म्हणजे मी जे सोडत होते ते जमिनीवर पडत नव्हतं खरं, पण तिच्या मनगटावर पडत होतं. थोरलीला सोडता यायला हवं म्हणालात, ते मी शिकले. पण हे असं सोडणं धाकटीलाही आवडलं नसतं. ती फुकटचं काही घ्यायची नाही. मधलं घ्यायची, आणि पुढचा स्मॅश मला मिळेल असं ठेवायची.

सरांना सगळं सांगितलं. झापलं नाही त्यांनी. म्हणाले, आता त्या मोठीने जगासमोर सांगितलंय, पुढच्या स्पर्धेत प्रत्येक जोडी तिथेच मारणार. मे महिन्यात जागतिक स्पर्धा आहे, या विजयामुळे आम्हाला थेट प्रवेश मिळाला आहे. पुढच्या सोमवारपासून सराव सुरू होईल आणि त्यात पहिलं काम एकच, मधलं मी घ्यायचं. खेळ सोडण्याबद्दल मी सरांना काही बोलले नाही. ज्या मुलीने माझ्यासाठी हात मोडून घेतला तिला दुखरं मनगट देऊन मी घरी बसू शकत नाही. तेवढी तुमची लेक आहे.

पण एक भीती आहे, ती तुम्हालाच सांगता येते. मधे शटल आलं, माझा हात अंगाशी आला, की त्या एका क्षणाला धाकटी माझ्या उजवीकडे असते. हे मला काल कळलं. वर्षभर, प्रत्येक सामन्यात, ती तिथे असायची. मी मधलं घ्यायला शिकले की ती कुठे उभी राहणार, मला माहीत नाही. तुम्हालाही नसेल माहीत. म्हणूनच तर तुम्ही टायर रचले.

हे मला सरांच्या हॉलमध्ये शिकायचं नाही. शटलची पहिली टोपली तरी तुमच्या हातची हवी. तुमचा खांदा वर जात नाही ते माहीत आहे, पण सपाट फेकायला वर कशाला जायला हवा? खडूचा पट्टा पुसून गेला असेल तर पुन्हा आखू नका. मला तो न आखताही दिसतो.

हे पत्र शुक्रवारपर्यंत तुम्हाला मिळेल असं टपालातल्या बाई म्हणाल्या. गुरुवारी संघाचा सत्कार आहे, तो उरकून आम्ही निघू. शनिवारी दुपारच्या गाडीने मी डेपोतच उतरते. तुमच्याच आवाजात गाडीचा नंबर ऐकू आला तर बरं वाटेल. शिडी बरोबर आहे. तिच्या मनगटाला पट्टी असेल, ती खेळणार नाही, नुसती बसून बघेल. आईला सांगा, ती जेवायला आपल्याकडे आहे, आणि तिला खिडकीजवळ बसवायचं.

या वेळी पिशवी जिन्यात ठेवणार नाही. वर घेऊन येईन.

रविवारी नेहमीप्रमाणे जादा गाड्यांच्या कामाला निघा. आम्ही दोघी मागून येतो. माझ्या जागेवरचे टायर तेवढे बाजूला करून ठेवा.

मधलं घ्यायला येते आहे.

तुमची,
थोरली